फांदी मोडली, पण कावळ्यामुळे नाही: मानेतल्या गाठीचे एक प्रकरण

केस विंचरताना तिच्या बोटांना मानेत काहीतरी लागले. उजव्या कानाखाली, थोडे मागच्या अंगाला, वाटाण्याएवढे. चार दिवसांत तिथेच आणखी दोन गाठी आल्या आणि त्या दाबल्या की दुखू लागल्या. मग ताप. सकाळी जेमतेम, संध्याकाळी ३८.५ अंश सेल्सिअसच्या वर. पहिल्या डॉक्टरांनी घसा, कान, दात पाहिले, काही सापडले नाही, आणि सात दिवसांचे प्रतिजैविक दिले. ताप तसाच राहिला. दुसऱ्यांनी प्रतिजैविक बदलले. तरीही ताप हटला नाही. तिसरा आठवडा संपता संपता ती मोठ्या रुग्णालयात आली तेव्हा वजन दोन किलोने उतरले होते, दोनदा रात्री घामाने कपडे भिजले होते, आणि घरच्यांनी मोबाइलवर वाचून मनाशी दोन शब्द पक्के केले होते: टीबी किंवा कॅन्सर.

वय २६. आधी कोणताही मोठा आजार नाही, रोजचे औषध नाही.

हे प्रकरण शिकवण्यासाठी रचलेले आहे, कोणा एका रुग्णाची ही फाइल नव्हे. पण त्यातली वळणे, आकडे आणि चुकण्याच्या जागा या आजारात दिसतात तशाच ठेवल्या आहेत.

आधी विचारपूस

गाठ म्हटले की तपासण्यांची यादी लिहायला हात शिवशिवतो. पण मानेच्या गाठीत निम्मे उत्तर प्रश्नांतूनच मिळते, आणि ते प्रश्न विचारायला दहा मिनिटे पुरतात. फिट्सचे किंवा युरिक अ‍ॅसिडचे औषध चालू आहे का? फेनिटॉइन आणि अ‍ॅलोप्युरिनॉल ही दोन्ही औषधे गाठी सुजवू शकतात. गेल्या महिन्यात लस घेतली का? टॅटू काढला का? डोक्याच्या त्वचेवर पुरळ, खरूज, जखम? उन्हात गेल्यावर चेहऱ्यावर चट्टे? तोंडात व्रण, सांधेदुखी, केस गळणे? घरात कोणाला दीर्घ खोकला? लैंगिक संबंधांबद्दलही विचारावे लागते, आणि ते आई खोलीबाहेर गेल्यावर विचारावे.

तिची सगळी उत्तरे नकारार्थी आली, एक सोडून. घरात मांजर होते आणि ते ओरबाडायचे.

या एका उत्तराने खोलीतले सगळे सुखावले, कारण मांजराच्या ओरखड्यातून होणारा आजार हे गाठींचे एक नावाजलेले निरुपद्रवी कारण आहे. बार्टोनेला हेन्सेली नावाचा जिवाणू ओरखड्यातून शिरतो, ओरखड्याच्या जागी बारीक फोड येतो आणि एक ते तीन आठवड्यांनी त्या भागाची गाठ सुजते. जुन्या मराठीत यालाच अवधाण म्हणायचे: पायाला जखम झाली की जांघेत, हाताला झाली की काखेत येणारी गाठ. एकाच शब्दात शरीररचनेचा अख्खा धडा आहे. ओरखडा कुठे आणि गाठ कुठे, हे जुळले पाहिजे. तिचे ओरखडे हातांवर होते, म्हणजे गाठ कोपरापाशी किंवा काखेत यायला हवी होती. दोन्ही जागा मोकळ्या होत्या. मांजर पूर्णपणे निर्दोष ठरले नाही, पण संशयितांच्या रांगेत मागे गेले.

हाताने तपासले तेव्हा उजव्या बाजूला मानेच्या मागच्या त्रिकोणात चार-पाच गाठी लागल्या. सर्वांत मोठी २.२ सेंटिमीटरची. एकमेकींना चिकटलेल्या नव्हत्या, हलत होत्या, दाबल्यावर दुखत होत्या. त्वचा लाल नव्हती. हासळीच्या वरच्या खळग्यात काही नाही, काखेत नाही, जांघेत नाही, प्लीहा लागत नाही. हासळीच्या वर गाठ लागली असती तर पुढचे सगळे वेगळ्याच वेगाने चालले असते. तिथल्या गाठीकडे कुठल्याही वयात संशयानेच पाहायचे, कारण छाती आणि पोटातला कर्करोग आपली पहिली खूण पुष्कळदा तिथे ठेवतो.

दुखरी गाठ म्हणजे साधी गाठ, ही समजूत मात्र सोडून द्यावी. झपाट्याने वाढणारा लिम्फोमाही (या गाठींचा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग) दुखतो, आणि क्षयाची गाठ बहुतेक वेळा दुखत नाही.

रक्त काय म्हणाले

हिमोग्लोबिन ११.२. पांढऱ्या पेशी २,९००, त्यांत थोड्या विचित्र दिसणाऱ्या लसिकापेशी. प्लेटलेट नेहमीसारख्या. दाह मोजणाऱ्या दोन आकड्यांपैकी ईएसआर ६२, सीआरपी मात्र फक्त १८. एलडीएच हे विकर नेहमीच्या वरच्या मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट. यकृताची विकरे किंचित वाढलेली. एचआयव्ही नकारात्मक, एपस्टीन-बार विषाणूची ताजी लागण नाही, सायटोमेगॅलोची नाही, टॉक्सोप्लाझ्माची नाही, बार्टोनेलाची प्रतिपिंडे नाहीत. छातीचा एक्स-रे स्वच्छ.

या यादीत नजर दोन जागी अडखळायला हवी. तीन आठवडे ताप आणि पांढऱ्या पेशी मात्र कमी. पू करणाऱ्या जिवाणूचा संसर्ग असता तर त्या वाढल्या असत्या. आणि एवढ्या तापाच्या मानाने सीआरपी फारच माफक. दोन्ही गोष्टी मिळून विषाणू, ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटणारा आजार), किंवा ज्याचे नाव अजून कोणी काढले नव्हते त्या आजाराकडे बोट दाखवत होत्या.

एलडीएचने उलट काम केले. तो आकडा पाहून एका ज्येष्ठ सहकाऱ्याने केसपेपरवर ‘लिम्फोमा?’ असे लिहिले आणि खाली दोन रेघा मारल्या. एलडीएच म्हणजे पेशी मरत आहेत एवढेच सांगणारा आकडा. कोणत्या आणि का, ते तो सांगत नाही. गाठीत पेशींची मोठी मरामर चालू असेल तर तो वाढणारच, मग आजार जीवघेणा असो वा नसो.

सोनोग्राफीनेही मधलीच वाट धरली: काही गाठींची मधली खाच शाबूत, काहींची पुसट, आजूबाजूची चरबी सुजून उजळ दिसणारी. पू झालेला नाही. पेट स्कॅनचा विषय निघाला. तो त्या वेळी टाळला गेला हे मला योग्य वाटते. साखर खाणारी प्रत्येक जागा पेटमध्ये चमकते, आणि सुजलेली निरुपद्रवी गाठही लिम्फोमाइतकीच चमकू शकते. निदान ठरले नसताना तो स्कॅन केला असता तर घरच्यांच्या हाती एक भीतीदायक रंगीत चित्र आले असते, उत्तर नव्हे.

सुईचा अहवाल

सुईने पेशी काढल्या. अहवाल दोन ओळींचा होता: ‘पेशीमृत्यूचे अवशेष, भक्षक पेशी, मिश्र लसिकापेशी. ग्रॅन्युलोमा दिसला नाही, आम्लरोधी जंतू दिसले नाहीत. क्षयरोगाची शक्यता नाकारता येत नाही.’

ग्रॅन्युलोमा म्हणजे भक्षक पेशींचा घट्ट पुंजका, क्षयाची ओळखीची खूण; आम्लरोधी जंतू म्हणजे क्षयाच्या गटातले जंतू. शेवटचे अर्धे वाक्य नीट वाचावे. ‘नाकारता येत नाही’ याचा अर्थ ‘आहे’ असा होत नाही. पण क्षयरोग जिथे फार आहे अशा देशांत, मानेत गाठ, संध्याकाळचा ताप, उतरलेले वजन आणि सुईत मृत पेशी एवढ्या भांडवलावर सहा महिन्यांचा औषधोपचार सुरू होतो. त्यात वेडगळ काही नाही. गंडमाळ हा शब्द भाषेत उगाच रुजलेला नाही. मानेच्या गाठी हे फुप्फुसाबाहेरच्या क्षयाचे नेहमीचे ठिकाण आहे. सुईच्या नमुन्यावर क्षयाच्या जनुकांची चाचणी केली, ती नकारात्मक आली. पण गाठीच्या नमुन्यात जंतू थोडे असतात, म्हणून या चाचणीचे ‘नाही’ तिच्या ‘आहे’इतके वजनदार नसते.

घरच्यांचे म्हणणे सरळ होते. तिचा मोठा भाऊ म्हणाला, “डॉक्टर, टीबीच्या गोळ्या चालू करून बघू या ना. उतरला ताप तर टीबीच होता म्हणायचं.”

माझ्या मते अख्ख्या प्रकरणातला सर्वांत धोक्याचा क्षण हाच. वाक्य समंजस वाटते. तीन आठवडे बहिणीचा ताप मोजणाऱ्या माणसाने ते म्हणावे हे साहजिकच. पण ते खरे ठरण्यासाठी एक अट आहे: उपचार केला नाही तर आजार बरा होणार नाही, हे आधी ठाऊक हवे. गाठी सुजवणाऱ्या निरुपद्रवी आजारांपैकी बरेचसे आपोआप बरे होतात. कोणी एका महिन्यात, कोणी चार महिन्यांत. त्या काळात जे औषध चालू असेल त्याला श्रेय मिळते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, आणि मग सहा महिने कावळ्याला दाणे घालत बसावे लागते. त्या चार औषधांतली तीन यकृताला जड जाऊ शकतात, आणि हिची यकृताची विकरे आधीच वाढलेली होती.

उलट्या बाजूनेही ही कसोटी फसते. क्षयाच्या गाठी अगदी योग्य उपचार चालू असतानाही काही रुग्णांत आधी वाढतात, नव्या येतात, फुटतातसुद्धा. म्हणजे गाठ आटली म्हणून क्षय होता असे नाही आणि वाढली म्हणून नव्हता असेही नाही.

दुसरा प्रस्ताव स्टेरॉइडचा होता. ताप दोन दिवसांत उतरला असता, सगळे खूश झाले असते. पण लिम्फोमा असता तर तोही काही आठवडे दबला असता, आणि नंतर काढलेल्या गाठीत निदानाला लागणाऱ्या पेशीच उरल्या नसत्या. ऊतक हाती येण्याआधी स्टेरॉइड द्यायचे नाही, हा नियम श्वास कोंडण्यासारखी आणीबाणी वगळता मोडू नये.

ठरले ते असे: अख्खी गाठ काढायची, तोवर फक्त तापाची साधी गोळी.

गाठ काढताना

इथे दोन बारीक गोष्टी आहेत, ज्या पुस्तकात एका ओळीत असतात आणि प्रत्यक्षात महिनेच्या महिने वाया घालवतात.

पहिली जागेची. मानेच्या मागच्या त्रिकोणातून एक नस अगदी वरवरून जाते, त्वचा आणि चरबीच्या लगेच खाली. ती खांदा उचलणाऱ्या स्नायूला चालवते. गाठी तिच्याच वाटेवर बसतात. ‘छोटीशी गाठ आहे, जागा बधिर करून काढून टाकू’ म्हणत घाईने केलेल्या शस्त्रक्रियेत ही नस कापली गेली तर हात खांद्याच्या वर नेता येत नाही आणि खांदा कायम दुखत राहतो. निरुपद्रवी आजाराच्या तपासणीत एवढी किंमत मोजायची नाही. म्हणून हे काम मानेच्या शस्त्रक्रियेचा सराव असलेल्या हातांनीच करावे, आणि सोनोग्राफीत संशयास्पद वाटणारी पण सोयीच्या जागी असलेली गाठ निवडावी. वरवरची सर्वांत छोटी गाठ काढली तर हाती फक्त ‘प्रतिक्रियात्मक वाढ’ असा अहवाल येतो.

दुसरी गोष्ट बाटलीची. गाठ निघाली की ती सवयीने फॉर्मलिनमध्ये टाकली जाते. फॉर्मलिन जंतू मारते, मग कल्चर (जंतू वाढवून पाहण्याची चाचणी) होत नाही, आणि लिम्फोमासाठी जिवंत पेशी लागणाऱ्या चाचण्याही बाद होतात. हिची गाठ ताजी असतानाच दुभागली. एक तुकडा सलाइनमध्ये क्षय, बुरशी आणि इतर जंतूंच्या कल्चरसाठी, दुसरा फॉर्मलिनमध्ये. कापलेल्या पृष्ठभागावर पिवळट ठिपके दिसले. पू नाही, क्षयात दिसतो तसा चक्क्यासारखा पांढरा भाग नाही.

आणि तिसरी, जी मुळात गोष्टच मानली जात नाही: विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत जाणारा कागद. पुष्कळदा त्यावर ‘मानेतली गाठ, निदान व्हावे’ एवढेच असते. या कागदावर वय, मागच्या त्रिकोणातल्या दुखऱ्या गाठी, तीन आठवड्यांचा ताप, पांढऱ्या पेशी २,९००, सुईत मृत पेशी पण ग्रॅन्युलोमा नाही, स्टेरॉइड दिलेले नाही, एवढे सहा मुद्दे लिहिले होते. माझ्या दृष्टीने निदान अर्धे या कागदावरच झाले.

काचेवर

सूक्ष्मदर्शकाखालच्या काचेच्या पहिल्या वाचनाचा तोंडी निरोप घाबरवणाराच होता. गाठीची रचना जागोजागी बिघडलेली, मोठमोठ्या तरुण लसिकापेशींचे थवे, पेशीविभाजन भरपूर. केंद्रके फुटून पडलेली. आक्रमक लिम्फोमा नाकारता येत नाही.

हा निरोप घरच्यांपर्यंत पोहोचवला नाही. यावर मतभेद होऊ शकतो, पण अपुरा अहवाल हा अहवाल नसतो असे मला वाटते.

दुसऱ्या दिवशी कमी भिंगातून पुन्हा पाहिले तेव्हा चित्र उलगडले. जास्त भिंगातून पेशी भयंकर दिसतात. कमी भिंगातून त्यांची मांडणी दिसते. बिघाड सगळीकडे नव्हता. बीजकेंद्रांच्या (गाठीतल्या लसिकापेशींच्या गोल पुंजक्यांच्या) दरम्यानच्या भागात फिकट बेटे होती आणि बेटांच्या बाहेर गाठ बऱ्यापैकी शाबूत. बेटांमध्ये फुटलेल्या केंद्रकांचा चुरा, गुलाबी अवशेष, आणि भोवती तो चुरा गिळणाऱ्या भक्षक पेशी. त्यांतल्या कित्येकींचे केंद्रक गिळलेल्या मालाने एका कडेला ढकलले जाऊन चंद्रकोरीसारखे वाकलेले.

मग जे नव्हते ते महत्त्वाचे ठरले. एवढी मरामर, पण न्यूट्रोफिल (पू करणारी पांढरी पेशी) एकही नाही. मांजराच्या आजारात बेटाच्या मध्यभागी न्यूट्रोफिलांचा ताऱ्यासारखा पसरलेला साठा असतो, म्हणजे मांजर आता खरेच सुटले. ग्रॅन्युलोमा नाही, राक्षसपेशी नाहीत, जंतूंसाठीचे सगळे रंग नकारात्मक. प्लाझ्मा पेशी नावापुरत्या. इओसिनोफिल (अ‍ॅलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) नाहीत.

पेशींवरच्या खुणा रंगवून पाहिल्या. भक्षक पेशी सीडी-६८ या खुणेने रंगल्या, आणि त्याच पेशी मायलोपेरॉक्सिडेजनेही रंगल्या. हे दुसरे विशेष आहे, कारण साध्या भक्षक पेशी त्याने रंगत नाहीत. सीडी-१२३ ने रंगणाऱ्या प्लाझ्मासदृश डेंड्रिटिक पेशींचे पुंजके बेटांच्या कडेला सापडले. लसिकापेशी बहुतेक टी प्रकारच्या, त्यांत सीडी-८ वाल्या सीडी-४ पेक्षा जास्त. लिम्फोमाची शंका आणणाऱ्या मोठ्या पेशी याच चिडलेल्या टी पेशी होत्या. त्यांपैकी काही सीडी-३० नेही रंगल्या. फक्त तेवढीच काच पाहिली असती तर हॉजकिनचा (लिम्फोमाच्याच एका प्रकाराचा) शिक्का बसायला वेळ लागला नसता.

निदान: किकुची-फुजिमोतो आजार.

१९७२ मध्ये जपानमध्ये मासाहिरो किकुची यांनी आणि त्याच वर्षी फुजिमोतो व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतंत्रपणे हा आजार नोंदवला. दोघांची नावे जोडून तो ओळखला जातो. जगभर आढळतो, आशियाई लोकांत जास्त, चाळिशीच्या आतल्या माणसांत जास्त. स्त्रियांत अधिक असे पूर्वापार मानले जाते. कारण निश्चित झालेले नाही. विषाणूंवर संशय आहे, पण एकावरही आरोप सिद्ध झालेला नाही. काचेवर दिसते ते एवढेच, की सीडी-८ पेशी ठरवून आत्मनाश करत आहेत आणि भक्षक पेशी मागाहून झाडलोट करत आहेत. पू होत नाही तो त्यामुळे. असा पेशीमृत्यू न्यूट्रोफिलांना हाक मारत नाही.

काचेवरचे चित्र आजाराच्या वयाप्रमाणेही बदलते. सुरुवातीला पेशींचे थवे जास्त आणि चुरा कमी, मग चुराच चुरा, शेवटी चरबीने भरलेल्या फेसाळ भक्षक पेशी. लिम्फोमाची गफलत पहिल्या टप्प्यात होते, क्षयाची दुसऱ्यात. हिच्या एकाच गाठीत पहिले दोन्ही टप्पे होते, म्हणून दोन्ही गफलती दारात उभ्या होत्या.

एक शंका काचेवर मिटत नाही

ल्युपसची गाठ कधीकधी हुबेहूब अशीच दिसते. त्यात निळसर-जांभळे पिंड किंवा रक्तवाहिन्यांच्या भिंतींत साचलेले केंद्रकद्रव्य सापडले, प्लाझ्मा पेशी भरपूर असल्या, तर पारडे ल्युपसकडे झुकते. पण ते सापडले नाही म्हणून ल्युपस नाही, असे म्हणता येत नाही. काहींना आधी ल्युपस असतो, काहींत दोन्ही एकदम येतात, काहींत किकुची बरा झाल्यावर पुढे ल्युपस उमटतो.

म्हणून एएनए (पेशींच्या केंद्रकाविरुद्धची प्रतिपिंडे), डीएनएविरोधी प्रतिपिंडे, सी-३ व सी-४ ही पूरक प्रथिने आणि लघवीतले प्रथिन पाहिले. सगळे ठीक. तिला हे सगळे सांगितले, तेही मोजूनमापून: आज ल्युपस नाही, पुढची काही वर्षे सहा-सहा महिन्यांनी, नंतर वर्षातून एकदा दाखवायचे, चेहऱ्यावर चट्टे, सांध्यांची सूज, पायांवर सूज असे काही दिसले तर तारखेची वाट पाहायची नाही.

उपचार म्हणावा असा काही नव्हता. नॅप्रोक्सेन, भरपूर पाणी, विश्रांती. ताप अहवालानंतरही नऊ दिवस येत राहिला आणि सगळ्यांची सत्त्वपरीक्षा झाली. भाऊ रोज तापाचा तक्ता घेऊन यायचा. सातव्या दिवशी स्टेरॉइडचा विचार झाला. आता निदान हाती असल्याने त्याला हरकत नव्हती, आणि दीर्घ ताप किंवा शरीरभर पसरलेल्या त्रासात स्टेरॉइड किंवा हायड्रॉक्सिक्लोरोक्विन देतातही. ती थोडी थांबायला तयार होती. फेरिटिन (तीव्र दाहात वाढणारे रक्तातले प्रथिन) आणि रक्तपेशी मात्र दर तीन दिवसांनी पाहिल्या, कारण क्वचित हा शांत आजार रक्तपेशीच गिळणाऱ्या प्रचंड दाहात उलटतो, आणि तेव्हा वाट पाहणे अंगाशी येते. तसे झाले नाही. दहाव्या दिवशी ताप आला नाही. सहाव्या आठवड्यात क्षयाचे कल्चर नकारात्मक म्हणून बंद झाले. दहाव्या आठवड्यापर्यंत गाठी हाताला लागेनाशा झाल्या.

भावाच्या त्या प्रस्तावाप्रमाणे टीबीच्या गोळ्या सुरू केल्या असत्या, तरी ताप साधारण याच दिवशी उतरला असता.

बाकीचे संशयित, थोडक्यात

गाठी सुजवणारे इतर विरळ पण कर्करोग नसलेले आजारही त्या दिवसांत चर्चेला आले. किमुराचा आजार बहुतेक आशियाई पुरुषांत, कानाजवळ, त्वचेखाली न दुखणारी गाठ घेऊन येतो, आणि रक्तात इओसिनोफिल व आयजीई हे प्रतिपिंड वाढलेले असतात. त्यात मूत्रपिंडही पाहावे लागते. हिच्या रक्तात इओसिनोफिल जवळजवळ नव्हतेच, विषय तिथेच संपला. रोझाय आणि डॉर्फमन यांनी १९६९ मध्ये वर्णन केलेल्या आजारात मान दोन्ही बाजूंनी प्रचंड सुजते, दुखत नाही, आणि मोठ्या भक्षक पेशींच्या पोटात अख्ख्या जिवंत लसिकापेशी फिरताना दिसतात. त्या पेशी एस-१०० ने रंगतात. एकदा पाहिलेले हे चित्र विकृतितज्ज्ञ विसरत नाही.

कॅसलमन आजाराचा एकाच जागी असणारा प्रकार गाठ काढली की बहुधा संपतो. त्याच नावाचा अनेक जागी पसरणारा प्रकार मात्र निरुपद्रवी म्हणण्यासारखा नाही, आणि एकच नाव दोघांना दिल्याने किती रुग्ण विनाकारण घाबरतात किंवा विनाकारण निर्धास्त होतात हे सांगायला नको. सार्कॉइड, आयजीजी-४ चा आजार, लसीनंतरची सूज यांतले काहीच हिच्या चित्रात बसत नव्हते. टॉक्सोप्लाझ्मा मागच्या मानेतच गाठी देतो म्हणून तो यादीत वर होता. रक्ताने तो सोडवला.

चौदा महिन्यांनी

ती परत आली. या वेळी डावीकडे, पुन्हा मागच्या त्रिकोणात, १.३ सेंटिमीटरची दुखरी गाठ. थोडा ताप, दोन दिवसांचा. हा आजार थोड्या रुग्णांत परत येतो हे तिला सांगितलेले होते, आणि तिने पहिला प्रश्न तोच विचारला: “पुन्हा कापावं लागेल का?”

पहिले निदान ऊतकावर पक्के असल्यामुळे थांबायची मुभा होती. ते नसते तर नसती. पण जुन्या निदानाचा शिक्का नव्या गाठीवर डोळे मिटून मारणे हीही एक चूकच. म्हणून मुदत ठरवली: तीन आठवडे. त्यात गाठ वाढली, कडक झाली, हासळीच्या वर किंवा इतरत्र नवी आली, वजन उतरले, किंवा तीन आठवड्यांत आटायला लागली नाही, तर गाठ काढायची. एएनए, पूरक प्रथिने आणि लघवी पुन्हा पाहिली. एएनए या वेळी किंचित सकारात्मक आला, १:८० वर, बाकी सगळे ठीक. निरोगी माणसांतही एवढा सापडतो, त्यामुळे त्यावर औषध सुरू केले नाही. केसपेपरवर आकडा आणि तारीख ठळक लिहिली आणि पुढची भेट सहाऐवजी तीन महिन्यांवर आणली.

अठराव्या दिवशी गाठ निम्म्यावर आली होती. तिने स्वतः बोटांनी मोजली होती, मग सोनोग्राफीने मोजली: सात मिलिमीटर.